अल्लामा अबुल फझल आणि थंड पाण्याचा हिशेब

वाचकहो, अकबर बादशहाच्या दरबारातील एक रत्न म्हणून अल्लामा अबुल फझल यांचे नाव आपण सर्वांनीच शाळेत पाठ केलेले असते. ‘अकबरनामा’ आणि ‘ऐन-इ-अकबरी’ हे ग्रंथ त्यांनी लिहिले, एवढे एका गुणाचे उत्तर लिहून आपण पुढे जातो. या विद्वानाचा आपल्या जालन्याशी संबंध आला होता, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असेल. उष्णता आणि थंडी यांचे परिणाम त्यांनी, थर्मामीटर अस्तित्वात नसताना, शेर, दाम आणि कोस यांच्या हिशेबात नोंदवून ठेवले, हे तर त्याहूनही थोड्यांना. म्हणून त्यांचे चरित्र आज आपल्यापुढे ठेवीत आहे. विद्यार्थी मित्रांनी ते विज्ञानाची वही शेजारी घेऊन वाचावे आणि पालकांनी ते मुलांबरोबर बसून वाचावे, अशी विनंती आहे.

बालपण आणि तालीम

अबुल फझल यांचा जन्म १४ जानेवारी १५५१ रोजी आग्रा येथे झाला. त्यांचे वडील शेख मुबारक हे मूळचे राजस्थानातील नागोरचे. ते मोठे आलिम होते. आग्र्यात यमुनेच्या काठी राहून ते विद्यार्थ्यांना शिकवीत. थोरले चिरंजीव फैजी पुढे फारसीचे नामांकित कवी झाले. धाकटे अबुल फझल वडिलांच्याच हाताखाली शिकले. घरात संपत्ती नव्हती, पण किताबे होती आणि प्रश्न विचारण्याची मुभा होती. पंधराव्या वर्षापर्यंत वडिलांजवळचे बहुतेक शिक्षण त्यांनी पुरे केले आणि विशी गाठण्याच्या सुमारास ते स्वतः शिकवू लागले.

त्या काळची एक हकिकत प्रसिद्ध आहे. एका जुन्या ग्रंथाची प्रत त्यांच्या हाती आली. तिच्या प्रत्येक पानाचा उभा अर्धा भाग आगीने नष्ट झालेला होता. तरुण अबुल फझल यांनी जळालेला भाग कापून काढला, नवा कागद चिकटवला आणि उरलेल्या अर्ध्या ओळी पुन्हा पुन्हा वाचून हरवलेले शब्द विचाराने भरून काढले. काही काळाने त्याच ग्रंथाची संपूर्ण प्रत मिळाली. ताडून पाहता शब्द काही ठिकाणी वेगळे निघाले, पण मजकूर इतका जुळला की मित्रमंडळी थक्क झाली. विद्यार्थी मित्रांनो, पाठांतर आणि समज यांतला फरक या एका गोष्टीत कळतो. ज्याने फक्त पाठ केले असते त्याला ते रिकामे अर्धे पान भरता आले नसते.

शेख मुबारक यांच्या विचारांमुळे दरबारातील काही वजनदार लोक त्यांच्यावर नाराज झाले आणि या कुटुंबाला काही काळ आसरा शोधत हिंडावे लागले. पुढे दिवस पालटले. १५७४ मध्ये अबुल फझल बादशहापुढे हजर झाले, तेव्हा त्यांनी नजराणा म्हणून आयतुल कुर्सीवरचे स्वतः लिहिलेले भाष्य नेले होते. जवळ देण्यासारखे इल्म होते, तेच त्यांनी दिले. त्यानंतर सुमारे अठ्ठावीस वर्षे ते अकबराचे विश्वासू सल्लागार राहिले. त्यांच्या धर्मविषयक मतांवर त्यांच्या काळच्या उलेमांनी कडक टीका केली. त्या वादात शिरण्याचे हे स्थळ नव्हे. आपल्याला आज त्यांच्याकडून एकच गोष्ट शिकायची आहे, ती म्हणजे मोजून लिहिण्याची सवय.

सोऱ्याने गार केलेले पाणी

‘ऐन-इ-अकबरी’ हा ‘अकबरनाम्या’चा तिसरा भाग. १५९८ मध्ये तो पुरा झाला. अबुल फझल यांनी तो पाच वेळा तपासून सुधारला, असे सांगितले जाते. त्यात लढायांची वर्णने शोधाल तर निराश व्हाल. त्यात टांकसाळ आहे, मुदपाकखाना आहे, हत्ती-घोड्यांचा दाणापाणी आहे, पिकांचे दर आहेत, लोणच्यांचे शेराचे भावसुद्धा आहेत. राज्य कसे चालते हे सांगायचे तर पिण्याचे पाणी कसे गार होते हेही सांगितले पाहिजे, असे या लेखकाला वाटले.

पाणी गार करण्याची रीत त्यांनी अशी नोंदवली आहे. कथिलाच्या मिश्रधातूच्या, चांदीच्या किंवा तशाच धातूच्या सुरईत एक शेर पाणी घालून तिचे तोंड बंद करायचे. दुसऱ्या भांड्यात पाच शेर पाणी आणि अडीच शेर सोरा घालायचा. त्या पाण्यात ती सुरई साधारण पाव तास फिरवीत राहायची, म्हणजे आतले पाणी गार होते. सोऱ्याचा भावही त्यांनी दिला आहे : रुपयाला पाऊण मणापासून चार मणांपर्यंत. जो सोरा बंदुकीच्या दारूत आग भडकवतो, तोच पाण्यात पडला की थंडावा देतो, ही गंमत त्यांच्या नजरेतून सुटलेली नाही. या युक्तीचे श्रेय त्यांनी बादशहाला दिले आहे.

आता यामागचे शास्त्र पाहू. सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. त्याचे खडे पाण्यात विरघळताना खड्यातील कणांची एकमेकांशी असलेली घट्ट बांधणी मोडावी लागते. त्यासाठी उष्णता लागते आणि ती भोवतालच्या पाण्यातून घेतली जाते. म्हणून पाण्याचे तापमान दहा अंशांहूनही अधिक उतरू शकते. सुरई धातूची का? धातूतून उष्णता लवकर वाहते म्हणून. तोंड बंद का? सोऱ्याचे पाणी पिण्याच्या पाण्यात मिसळू नये म्हणून. फिरवायची का? सुरईलगतचे पाणी बदलत राहावे म्हणून.

यातले प्रमाण तर फारच विचार करण्याजोगे आहे. पाच शेरांना अडीच शेर, म्हणजे शंभर भाग पाण्याला पन्नास भाग सोरा. आजच्या प्रयोगशाळेतील आकडे सांगतात की ३० अंश सेल्सिअस तापमानाच्या १०० ग्रॅम पाण्यात सुमारे ४६ ग्रॅम सोरा विरघळतो. २० अंशांना तो ३२ ग्रॅमपर्यंत उतरतो आणि शून्य अंशाला अवघा १३ ग्रॅम. म्हणजे उन्हाळ्यातल्या पाण्यात जेवढा सोरा विरघळू शकेल त्याहून किंचित जास्त, एवढेच हे प्रमाण आहे. त्या आबदारखान्यातील कामगारांना विद्राव्यतेचा तक्ता कोणी दिला नव्हता. त्यांनी करून पाहिले, जे जमले ते धरून ठेवले, आणि अबुल फझल यांनी ते आकड्यांसह लिहून ठेवले. हेच पाणी आटवले की सोरा पुन्हा खड्यांच्या रूपाने हाती येतो, हेही तापमानाचेच काम आहे.

बर्फाचा भाव हाच थर्मामीटर

१५८५ च्या सुमारास दरबार पंजाबात गेला. तेव्हापासून लाहोरला उत्तरेकडील डोंगरांतून बर्फ येऊ लागला. हे अंतर सुमारे पंचेचाळीस कोस होते. बर्फ नावेने येई, गाडीने येई आणि माणसांच्या खांद्यावरूनही येई. दहा नावा या कामावर होत्या, प्रत्येकीवर चार नावाडी, आणि रोज एक नाव पोहोचत असे. वाटेवर चौदा टप्पे होते व तेथे घोडे बदलले जात. हे सर्व अबुल फझल यांनी लिहिले आहे.

त्यांनी लिहिलेला भाव आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. गाडीने आलेला बर्फ हिवाळ्यात शेराला तीन दामांहून थोडा अधिक पडे. पावसाळ्यात तोच चौदा दामांच्या वर जाई. चाळीस दामांचा एक रुपया होई. बर्फाच्या गाठोड्यांचे वजनही हवेच्या उष्णतेप्रमाणे सहा शेरांपासून बारा शेरांपर्यंत बदले, असे त्यांनी नमूद केले आहे.

वाचकहो, थोडे थांबून या आकड्यांकडे पाहा. भाव का चढला? वाटेत बर्फ वितळला म्हणून. एक ग्रॅम बर्फ वितळायला ८० कॅलरी उष्णता लागते. जितकी हवा गरम, तितकी ही उष्णता लवकर मिळते आणि तितका बर्फ वाटेतच पाणी होतो. पावसाळ्यात चिखलाचे रस्ते आणि फुगलेल्या नद्या यांनी वाट लांबते, शिवाय दमट हवेतील बाष्प थंड बर्फावर पाणी होऊन बसते आणि बसताना स्वतःजवळची उष्णता बर्फाला देते. अंश मोजणारी काचेची नळी त्या काळी नव्हती. पण दाम होते, आणि दामांच्या चढउतारात हवेची उष्णता उतरलेली होती. बर्फाचा भाव हाच त्या काळचा थर्मामीटर म्हटला तर चूक होणार नाही.

वाळ्याच्या तट्ट्यांबद्दलही त्यांनी लिहिले आहे. बांबूच्या चौकटीत वाळा भरून त्यावर पाणी शिंपडले की भर उन्हाळ्यात हिवाळा अवतरतो, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. आपल्या घरातील माठ, रांजण आणि कूलर हे याच तट्टीचे भाऊबंद आहेत. पाण्याची वाफ होताना दर ग्रॅमला सुमारे ५८० कॅलरी उष्णता खर्च होते. ती माठातील पाण्यातून आणि भोवतालच्या हवेतून घेतली जाते, म्हणून पाणी गार लागते. मृगाचा पाऊस पडल्यावर माठ तितकासा गार का होत नाही, हेही यातूनच समजते. हवा आधीच ओलसर असली की पाणी उडत नाही.

आपला देहही असाच एक माठ आहे. घाम उडतो आणि शरीर ३७ अंशांच्या आसपास राहते. आपल्या पेशींतील रासायनिक क्रिया याच तापमानाला बेताने चालतात. ताप ४० अंशांच्या वर गेला की डॉक्टरांना घाई करावी लागते ती यासाठीच. घाम येणे थांबले आणि अंग तापत राहिले तर त्याला उष्माघात म्हणतात. त्यात क्षणाचाही विलंब न लावता रोग्याला सावलीत नेऊन, अंगावर पाणी ओतून, वारा घालून दवाखाना गाठावा. रमजान उन्हाळ्यात येतो तेव्हा भर दुपारी उन्हात राबणाऱ्या आपल्या बांधवांची विशेष काळजी घ्यायला हवी.

काय चुकले आणि काय टिकले

विद्यार्थी मित्रांनो, थोर माणसांचे सर्वच लिहिणे बरोबर असते असे समजू नका. याच ग्रंथात धातू कसे तयार होतात याचेही विवेचन आहे. त्या काळच्या समजुतीप्रमाणे जमिनीतील वाफा आणि धुर, त्यांपासून पारा आणि गंधक, आणि या दोहोंच्या कमी-अधिक मिश्रणातून व उष्णतेच्या परिणामाने सोने, चांदी, तांबे असे सर्व धातू बनतात, असे मानले जाई. अबुल फझल यांनी ते मागच्या विद्वानांकडून घेतले. आज आपल्याला माहीत आहे की सोने हे मूलद्रव्य आहे. ते पारा-गंधकाचे मिश्रण नव्हे.

म्हणजे पाहा, एकाच लेखकाने, एकाच ग्रंथात, दोन प्रकारचे लिहिले. जे दुसऱ्यांचे ऐकून घेतले ते काळाच्या ओघात वाहून गेले. जे मोजून, तोलून, भाव विचारून लिहिले, ते चारशे वर्षांनंतरही प्रयोगशाळेत पडताळून पाहता येते. माझ्या मते या चरित्राचा सर्वांत मोठा धडा हाच आहे.

दक्षिणेत आणि जालन्यात

१५९९ मध्ये अकबराने अबुल फझल यांना दक्षिणेत पाठवले. शहजादा मुराद तेव्हा दक्षिणेच्या मोहिमेवर होता आणि अतिमद्यपानाने खंगला होता. त्या वर्षीच्या मे महिन्यात, ऐन उन्हाळ्यात, पूर्णा नदीच्या काठी, दौलताबादपासून वीस कोसांवरील छावणीत त्याचा मृत्यू झाला. नेमके त्याच सुमारास अबुल फझल तेथे पोहोचले. छावणीत गोंधळ माजला होता आणि अनेक सरदार माघारी फिरण्याच्या गोष्टी बोलत होते. आयुष्यभर लेखणी चालवलेल्या या माणसाने पैसा वाटून, समजूत घालून फौज एकत्र ठेवली.

गॅझेटियरमध्ये नोंद आहे की अकबराच्या काळात जालना एका सरदाराच्या जहागिरीत होते आणि अबुल फझल काही काळ येथे राहिले होते. ‘ऐन’ मात्र त्याआधीच पुरी झाली होती. तेव्हा हा ग्रंथ जालन्यात लिहिला गेला असे म्हणता येणार नाही. परंतु दक्षिणेतील त्यांच्या छावणीची एक गोष्ट चरित्रकारांनी आवर्जून सांगितली आहे. एका मोठ्या तंबूत सरदारांसाठी रोज हजार ताटे वाढली जात, आणि शेजारच्या तंबूत दिवसभर खिचडी शिजत असे. गरीब असो वा श्रीमंत, जो येईल त्याला ती मिळे. राज्याच्या मुदपाकखान्याचा हिशेब लिहिणाऱ्या या माणसाला भुकेचाही हिशेब ठाऊक होता.

१६०० मध्ये अहमदनगर पडले, जानेवारी १६०१ मध्ये असीरगड ताब्यात आला, आणि अबुल फझल यांचा दर्जा पाच हजारी मनसबीपर्यंत वाढला. इकडे उत्तरेत शहजादा सलीम याने बापाविरुद्ध बंड पुकारले होते. अकबराने अबुल फझल यांना तातडीने बोलावून घेतले. सलीमला त्यांच्या सल्ल्याची धास्ती होती. त्याच्या सांगण्यावरून वीरसिंह बुंदेला वाटेत दबा धरून बसला. वाट बदलण्याचा सल्ला अबुल फझल यांना मिळाला होता. तो त्यांनी मानला नाही. ऑगस्ट १६०२ मध्ये ग्वाल्हेरजवळ आंतरीच्या परिसरात त्यांची हत्या झाली. तेथेच त्यांची कबर आहे. वय अवघे एकावन्न वर्षे. बादशहाला या बातमीने अतोनात दुःख झाले.

गालिब यांनी दिलेला इशारा

येथे चरित्र संपते, पण गोष्ट संपत नाही. ज्या दशकात अबुल फझल बर्फाचे भाव लिहीत होते, त्याच १५९० च्या दशकात इटलीत गॅलिलिओ काचेच्या नळीत हवेचे आकुंचन-प्रसरण पाहून उष्णतेची कमी-जास्त मात्रा दाखवणारे साधन तयार करीत होते. १७१४ मध्ये फॅरनहाइट यांनी पाऱ्याचा थर्मामीटर बनवला, १७४२ मध्ये सेल्सिअस यांनी शंभर भागांचे माप मांडले. उष्णतेला आकडा मिळाला, आकड्यातून नियम मिळाले, नियमांतून वाफेचे यंत्र सुधारले. आपल्याकडे ‘ऐन’ कपाटात राहिली.

१८५५ मध्ये दिल्लीत सर सय्यद अहमद खान यांनी मोठ्या कष्टाने ‘ऐन-इ-अकबरी’ची संपादित आवृत्ती तयार केली आणि मिर्झा गालिब यांच्याकडे प्रशस्ती मागितली. गालिब यांनी फारसीत कविता लिहून दिली, पण तिच्यात स्तुतीऐवजी कानउघाडणी होती. जुन्या राज्याचे कायदेकानू चाळत बसण्यापेक्षा वाफेवर जहाजे चालवणाऱ्या, तारेने निरोप धाडणाऱ्या नव्या विद्येकडे पाहा, असा तिचा रोख होता. सर सय्यद यांनी ती कविता ग्रंथात छापली नाही. पण पुढे त्यांनी जे केले ते पाहा. १८६४ मध्ये त्यांनी गाझीपूर येथे सायंटिफिक सोसायटी काढली, तिच्यामार्फत विज्ञानाची पुस्तके उर्दूत आणली, आणि १८७५ मध्ये अलीगढच्या शिक्षणसंस्थेचा पाया घातला. आपल्यासारख्या शिक्षणसंस्था त्याच वाटेने आलेल्या आहेत.

पालक बंधू-भगिनींनो, गालिब यांचे म्हणणे अर्धे खरे होते असे मला वाटते. वडीलधाऱ्यांच्या मोठेपणाच्या गोष्टी सांगत बसलो तर ‘ऐन’ हे थडगे आहे. त्यांनी मोजले तसे आपणही मोजू लागलो तर ती शाळा आहे. आणि मोजण्यासारखे आपल्या दारात किती आहे! जालन्याच्या पोलाद कारखान्यांत लोखंड वितळते ते १५३८ अंशांना. जालन्याचे बियाणे देशभर जाते. त्या बियाण्याच्या साठवणीचा ढोबळ नियम असा की गोदामाचे तापमान पाच अंशांनी उतरले की बियाण्याचे आयुष्य साधारण दुप्पट होते. आपल्या मुलांनी या भट्ट्यांत आणि गोदामांत नुसती हमाली करायची, की तेथील तापमानाची नोंद वाचणारे, त्यावरून निर्णय घेणारे व्हायचे, हा प्रश्न आपल्या घरातच सुटणार आहे. दहावीनंतर मुलीने विज्ञान शाखा मागितली तर ती नाकारू नका, हेही याच ओघात सांगतो.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही उद्यापासूनच आरंभ करू शकता. एक साधा थर्मामीटर मिळवा. माठातील आणि स्टीलच्या पिंपातील पाण्याचे तापमान रोज दुपारी एकाच वेळी घ्या आणि पावसाळा लागेपर्यंत वहीत लिहा. मटकीला मोड यायला डिसेंबरात किती तास लागतात आणि एप्रिलमध्ये किती, ते पाहा. अम्मीने लावलेले दही थंडीत आणि उन्हाळ्यात किती वेळात लागते, त्याची नोंद करा. तापमान दहा अंशांनी वाढले की पुष्कळ रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुपटीने वाढतो, हे पुस्तकात लिहिले आहे. ते तुमच्या वहीत उतरते का, ते तपासा. सोऱ्याचा प्रयोग मात्र शाळेच्या प्रयोगशाळेत, शिक्षकांसमोरच करा.

तुमच्या वहीत आकडे आणि तारखा असू द्या. ऐकलेले वेगळे लिहा, मोजलेले वेगळे लिहा. अल्लामा अबुल फझल यांची आठवण ठेवण्याची याहून चांगली रीत मला दिसत नाही. अल्लाह आपल्या मुलांच्या इल्ममध्ये बरकत देवो, हीच दुआ.